चार वाजताचं सूप

मी एक जुनं सूप आहे. माझा उजवा कोपरा उंदरानं कुरतडलेला आहे आणि काठ दोन ठिकाणी तारेनं बांधलेला आहे. टेंभुर्णी गावात कल्याणरावांच्या घरी, मधल्या खोलीच्या दाराशी मी टांगलेलो असतो. मित्रांनो, मी स्वभावानं मुळातच घाबरट. ओल, वाळवी, उंदीर, सगळ्यांची मला धास्ती. पण सगळ्यात जास्त भीती मला दुपारच्या चार वाजण्याची वाटते. ती का, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

मला भिवा बुरुडानं विणलं. हिरव्या बांबूच्या कामट्या तासताना तो एकही शब्द बोलत नसे आणि एकही कामटी वाया घालवत नसे. कल्याणच्या लग्नाच्या साली त्याची आई गोजरबाई गावच्या बाजारात आली. तिनं मला उचललं, उन्हाकडे धरलं आणि कुठून उजेड दिसतो का ते पाहिलं. मला तेव्हा फार राग आला होता. भिवाच्या हातच्या सुपाची अशी झडती घेतात का कुणी? पण घरी नेल्यावर तिनं मेथ्या भिजवून वाटल्या, त्यात कागदाचा लगदा कालवला आणि माझ्या पाठीपोटावर असा काही लेप दिला की माझा राग पार निवळला.

नंतरची वर्षं सुखाची गेली. दुपारचा चहा झाला की चार वाजता गोजरबाई ओसरीत पाय पसरून बसायची आणि मला हातात घ्यायची. तूर, मूग, जोंधळे, हरभरा, जे असेल ते. तिच्या हातात मी असा काही झुलायचो की दाणा जागच्या जागी राहायचा आणि फोलकट उडून जायचं. गल्लीतल्या बायका आपली धान्यं घेऊन तिच्याकडे यायच्या. कौतुक तिचं व्हायचं, पण थोडं मीही माझ्या पदरात पाडून घ्यायचो.

मग गावात धान्य साफ करायचं यंत्र आलं. डाळ पाकिटातून यायला लागली. कल्याणची बायको दैवशाला तशी गुणाची, पण तिला माझा उपयोग उरला नाही. तिनं मला कडब्याच्या खोलीत टाकलं. तिथंच उंदरानं माझा कोपरा खाल्ला. मी तिथं पडून फक्त आवाज ऐकत असे, आणि तीन वर्षांपूर्वी घरातले आवाज बदलायला लागले.

गोजरबाई भाजीत दोनदा मीठ टाकू लागली. कल्याणला ती आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या नावानं हाक मारू लागली. आणि चार वाजले की तिचा जीव घाबरा व्हायचा. ती पिशवी भरायची आणि म्हणायची, "मला धावड्याला जायचंय. बापू वाट बघून राह्यले." धावडा हे तिचं माहेर आणि बापू म्हणजे तिचे वडील. ते जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. घरचे तिला तेच समजावून सांगायचे, कधी प्रेमानं, कधी वैतागून. जितकं समजावत तितकी ती बिथरायची. एकदा ती नजर चुकवून निघाली आणि एका शेतात सापडली. ती जिथं उभी होती तिथून बिनकठड्याची विहीर चार पावलांवर होती.

त्या दिवशी कल्याणनं तिच्या, म्हणजे मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. रोज चार ते दिवे लागेपर्यंत ती कडी लावलेली असायची. गोजरबाई आतून दार वाजवायची. तिचे तळवे सुजायचे. कल्याण वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्या वेळात तो गोठ्यात जाऊन बसायचा.

नात अर्पिता आजीला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं गंधालीताई नावाच्या समुपदेशक होत्या. हा स्मृतिभ्रंश आहे, तो औषधानं पुरता बरा होत नाही, पण भीती कमी करता येते, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी वेगळंच विचारलं. आजारी पडण्याआधी आजी चार वाजता काय करायच्या? अर्पितानं घरी येऊन मला कडब्यातून ओढून काढलं, माझ्यावरची जाळी झटकली आणि पुढच्या खेपेला मला एसटीत बसवून जालन्याला नेलं. दवाखान्यात लोक माझ्याकडे बघून हसत होते. मी मान खाली घातली होती.

गंधालीताईंनी मला गोजरबाईच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कसलीही परीक्षा घेतली नाही. आधी उत्तरच सांगून टाकलं, "आजी, जीव घाबरला की सूप घ्यायचं." आणि लगेच विचारलं, "जीव घाबरला की काय घ्यायचं?" गोजरबाई म्हणाली, "सूप." मग इकडचं तिकडचं बोलून एका मिनिटानं पुन्हा तोच प्रश्न. मग दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. मध्येच ती म्हणाली, "पिशवी." गंधालीताईंनी "चुकलं" असं म्हटलं नाही. पुन्हा उत्तर सांगितलं आणि पुन्हा थोड्या वेळापासून सुरुवात केली.

घरी काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. सूप रोज एकाच जागी, आजींच्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगायचं. त्या माहेरी निघाल्या तर खोडून काढायचं नाही. वडील कसे होते ते विचारायचं आणि हातात काम द्यायचं. आणि कडी दोन महिने लावायची नाही. कल्याण म्हणाला, "आन् ती पुन्हा निघून गेली तर? एकदा जरी गेली तर मी कडी लावणार, मंग मला कोन्ही काही म्हणू नका." हे सगळ्यांनी कबूल केलं. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. एक अख्खं माणूस कोंडलं जाणं न जाणं माझ्यासारख्या कुरतडलेल्या सुपावर येऊन ठेपलं होतं.

दैवशाला रोज तूर आणि हरभरा एकत्र करून माझ्यात ओतायची. गोजरबाई ते निवडून वेगळं करायची. दुसऱ्या दिवशी दैवशाला पुन्हा एकत्र करायची. आधी मला हा माझा अपमान वाटला. निवडलेलं धान्य पुन्हा मिसळायचं, ही काय थट्टा? पण निवडताना गोजरबाईचा श्वास हळूहळू संथ व्हायचा, हे मला तिच्या मांडीवरून कळायचं. मग मी तक्रार सोडली. रोज दिवसातून कितीदा तरी अर्पिता तोच प्रश्न विचारायची, आणि सहा आठवड्यांत आजी आपणहून खिळ्याकडे यायला लागली.

आणि मग गोजरबाईचा धाकटा भाऊ पुंजाराम धावड्याहून येणार असा निरोप आला.

इथं दैवशालाची चूक झाली, पण तिला दोष देताना माझी जीभ अडखळते. शेजारणीनं आधीच तिला टोमणा मारला होता, की सासूला या वयात दाणे निवडायला बसवता, बसून खाऊ देत नाही. आता प्रत्यक्ष माहेरचं माणूस येणार. बहिणीच्या हातात सूप बघून भाऊ धावड्याला जाऊन काय सांगेल? तिनं सकाळीच मला खिळ्यावरून काढलं आणि कडब्याच्या खोलीत ठेवलं. सासूला नवं लुगडं नेसवलं आणि पलंगावर बसवलं. मी अंधारात पडून चार वाजण्याची वाट बघत होतो. कडब्याची खोली घराला लागून आहे. मला सगळं ऐकू येत होतं.

चारला गोजरबाई म्हणाली की बापू वाट बघत असतील. घरचे काही बोलायच्या आतच पुंजाराम बोलला, "आक्का, आसं काय करती? बापू जाऊन पस्तीस वर्षं झाली की. तूच तर रडली होती त्यांच्या पायाशी बसून."

 लगेच गोजरबाईचं रडणं ऐकू आलं. तिच्यासाठी तिचे वडील त्याच घडीला वारले होते. पुंजाराम गोंधळला, दैवशाला पाणी आणायला धावली, कल्याण मामाला बाजूला घेऊन समजावू लागला. या गडबडीत खिळ्याजवळ बांगड्या वाजल्या. तिथं कुणीतरी भिंतीवरून हात फिरवत होतं. मग त्या बांगड्या अंगणात वाजल्या, आणि मग वाजल्याच नाहीत. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

पलंग रिकामा दिसला तेव्हा कल्याण मोटारसायकल काढून धावड्याच्या रस्त्यानं सुटला. पुंजाराम विहिरीकडे पळाला. अर्पितानं मात्र आधी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. ती कडब्याच्या खोलीत आली, मला काखेत मारलं आणि दारोदार विचारत निघाली. तिचं काळीज धडधडत होतं आणि मी तिच्या बरगडीला टेकलेलो होतो. विहिरीच्या बाजूनं हाक आली की मला वाटे, आता वाईट बातमी येणार.

बुरुडाच्या घरापुढं गोजरबाई बसलेली होती. भिवा केव्हाच वारला. त्याची सून बेबीनंदा आता सुपं विणते. तिनं एक अर्धं विणलेलं सूप म्हातारीच्या मांडीवर दिलं होतं आणि चार मुठी मूग टाकले होते. अर्पिताला बघून ती म्हणाली, "आजी आल्या न् म्हणल्या, माझं सूप घरी न्हाई. जीव घाबरला की सूप घ्यायचं, जल्दी दे. मंग मी दिलं."

अर्पिता आजीशेजारी जाऊन बसली. आजी धावड्याला निघाली नव्हती. शिकवलेलं तिच्या ध्यानात राहिलं होतं. घरच्यांनीच मला खिळ्यावरून काढून ठेवलं होतं.

घरी आल्यावर अर्पितानं बेबीनंदाचं बोलणं सगळ्यांना सांगितलं, तेव्हा दैवशाला मोकळेपणानं रडली आणि सूप का लपवलं ते तिनं मामासमोर सांगून टाकलं. कल्याण उठून कडीजवळ गेला. माझा जीव मुठीत होता, कारण ठरल्याप्रमाणे आता कडी लागणार होती. तो पान्हा घेऊन आला आणि त्यानं कडी उपटून काढली. कोयंडा लाकडात घट्ट रुतला होता, तो निघेना. मग त्यानं मला त्या कोयंड्यालाच टांगलं, तिच्या दाराला, तिच्या डोळ्यांसमोर.

पण तिनं मला तिथं राहू दिलं नाही. लगेच काढून घेतलं आणि ओसरीत बसली. पुंजाराम तिच्यासमोर मांडी घालून बसला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बापू वाट बघून राह्यले आसतील." सगळ्यांनी पुंजारामकडे पाहिलं. त्यानं दोन दाणे तुरीचे, एक हरभऱ्याचा असे वेगळे केले. मग तो म्हणाला, "आसतील आक्का. तेवढी तूर निवडून होऊ दे. मंग दोघं बराबर जाऊ."

"बरं," ती म्हणाली, आणि दाण्यांवर वाकली.

मित्रांनो, तुमच्या घरात असं विसरत चाललेलं एखादं माणूस असेल, तर त्याला खरं-खोटं पटवत बसू नका. त्याला भीती कशाची वाटते ते बघा. आणि त्यानं हात पुढं केला की त्याची वस्तू हाताला लागली पाहिजे. पाहुणे आले म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, ती हलवू नका.

माझी भीती काही गेलेली नाही. माझा काठ आता तिसऱ्या ठिकाणी उसवतो आहे. एक दिवस तिला माझं नावही आठवणार नाही, हे गंधालीताईंनी सांगून ठेवलं आहे. पण आत्ता चार वाजले आहेत. बांगड्या वाजत आहेत. ती आली, आणि मी जागेवर आहे.