शनिवारचं ॲव्हरेज

नांदेडमध्ये कुणीही आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज सांगत नाही. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे यासेर सर ब्युरेटचं रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत घेतात, पण त्यांची जुनी डिझेल गाडी बावीस देते असं सांगतात. कसं मोजलं, असं मी एकदा विचारलं.

"त्यात मोजायचं काय, म्याडम," ते म्हणाले. "पगार आन् ॲव्हरेज, दोन्ही अंदाजानं सांगायचे असतेत. पगार कमी करून, ॲव्हरेज वाढवून."

मी भौतिकशास्त्र शिकवते. मला मात्र मोजणं भाग होतं, कारण मी नांदेडात राहायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरणार होतं.

माझे यजमान भागवत लातूरला डाळ मिल चालवतात. मिल त्यांच्या वडिलांची, ती काही उचलून नांदेडला आणता येत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली. ते आठवडाभर लातूरला आईजवळ राहतात, शनिवारी दुपारी मिल बंद करून माझ्याकडे येतात आणि सोमवारी पहाटे परत जातात. जुनी डिझेल गाडी थकली म्हणून पाडव्याला नवी घेतली. लहानशी एसयूव्ही, पेट्रोल, टर्बो.

सासूबाईंनी, म्हणजे साखराबाईंनी, गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडायच्या आधी विचारलं, "कंपनी किती म्हणती?"

"वीस," भागवत म्हणाले. जाहिरातीत वीसपेक्षा थोडं कमी लिहिलं होतं.

"जुनी पंधरा द्यायची. ही त्याच्याखाली आली तर काय उपयोग? मग वर्षा, तू इकडं बदली घे. दर आठवड्याला पेट्रोल जाळीत फिरायला आपल्या घरी काय इहीर हाय व्हय पेट्रोलची?"

मी "बरं" म्हटलं. पंधरा आणि वीस यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे असं मला वाटलं. सासूबाईंनी नारळ फोडला. तो एका फटक्यात फुटला, त्यामुळे ते ठरल्यासारखंच झालं.

बदली शक्य होती. आमच्या संस्थेचं लातूरलाही एक कॉलेज आहे आणि तिथले भौतिकशास्त्राचे सर निवृत्त होणार होते. अर्ज एप्रिलअखेर द्यायचा होता. पण ते कॉलेज बारावीपर्यंतच आहे आणि तिथली प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं. इथे मी प्रकाशाच्या प्रयोगांसाठी एक अंधारी खोली करून घेतली आहे. ती मिळवायला प्राचार्य बदलावे लागले. खिडक्यांना काळा रंग मी स्वतः दिला. सोडियमचा दिवा लावल्यावर त्या खोलीत पोरं आपोआप हळू आवाजात बोलतात. ती खोली सोडून जायची माझी इच्छा नव्हती, आणि हे मी सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की अंधारी खोली लातूरला मिळत नाही का.

डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा आकडा दिसतो, पण तो गाडी स्वतःच स्वतःबद्दल सांगते. मी तो घेतला नाही. टाकी भरायची, प्रवास करायचा, पुन्हा भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं जळलं. जायचं आणि यायचं वेगवेगळं कळावं म्हणून दोन्ही गावांत टाकी भरायची असं ठरवलं. भागवत लातूरला पोचल्यावर आणि तिथून निघताना भरत, आणि नांदेडला आल्यावर आम्ही दोघं पंपावर जायचो. शनिवारी संध्याकाळी लोक बायकोला घेऊन गोदावरीच्या काठी जातात.

पंपावरचे चांदपाशा पहिल्यांदा गोंधळले. टाकी भरल्याचा खटका पडला की इथे कुणी थांबत नाही. पुढे राऊंड फिगर होईपर्यंत थोडं थोडं ओतायचं आणि आणखी मावावं म्हणून मालकाने गाडी हलवायची, अशी पद्धत आहे.

"खटका पडला की थांबा," मी म्हटलं.

"राऊंड फिगर नको?"

"नको."

"हलवू बी नको?"

"नको."

त्यांनी भागवतकडे बघितलं. "भाऊ, म्याडम ऑफिसातून आल्या का? तपासणीला?"

"घरातून आल्या," भागवत म्हणाले. "तपासणीलाच."

तीन आठवडे असं मोजलं. सोमवारी, नांदेडहून लातूरला जाताना, गाडीने लिटरला सरासरी सतरा पूर्णांक आठ दिलं. शनिवारी, लातूरहून नांदेडला येताना, बारा पूर्णांक सहा. तिन्ही आठवडे आकडे जवळपास तेच, म्हणजे मोजण्यात गडबड नव्हती.

भागवतनी मोबाईलवर बेरीज केली आणि दोनाने भागलं. "पंधरा पूर्णांक दोन," ते म्हणाले. "झालं की. आईला फोन लावतो."

"असं नाही होत," मी म्हटलं.

"काय नाही होत?"

"दोन ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढता येत नाही. अंतर दोन्हीकडचं सारखं आहे, पण पेट्रोल सारखं जळलेलं नाही. एकूण अंतराला एकूण पेट्रोलने भागायचं." मी भागून दाखवलं. चौदा पूर्णांक आठ आलं.

भागवतनी मोबाईल खाली ठेवला. "तू नेमकी कोणाच्या बाजूनं हायस?"

भागाकार बरोबर होता.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. लातूर नांदेडपेक्षा बरंच उंचावर आहे. अहमदपूरच्या पुढे रस्ता उतरायला लागतो तो गोदावरीपर्यंत उतरतच येतो. गाडीला लातूरला जाताना चढ आहे आणि येताना उतार. त्यामुळे येतानाचं ॲव्हरेज जास्त यायला हवं होतं. ते कमी येत होतं, तेही थोडंथोडकं नाही. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर आणलं असतं तर मी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला असता. कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, तर आकडा पंधराच्या वर जाणार होता. अर्जाची तारीख अठरा दिवसांवर होती.

पहिला संशय डाळीचा. सासूबाई भागवतना रिकाम्या गाडीने कधी पाठवत नाहीत. तुरीची डाळ, ज्वारी, लोणच्याची बरणी, आणि "तिकडं चांगलं मिळत न्हाई" म्हणून लातूरचे कांदे. पुढच्या शनिवारी मी डिकीतला सगळा माल खालच्या किराणा दुकानात नेऊन वजन केला. दुकानदाराला वाटलं मी विकायला आणलाय. त्याने डाळीचा भावही सांगितला. एवढ्या वजनाने ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरनेसुद्धा पडलं नसतं.

दुसरा संशय एसीचा. सोमवारी पहाटे गार असतं, शनिवारी दुपारी ऊन असतं. एसी एक-दीड खातो. तो उतारातून वजा होतो. तरीही पाचेकचा फरक उरतच होता. वारा बघितला, टायरमधली हवा बघितली, लातूरचा पंप बदलून बघितला. आकडा हलला नाही.

"चालवता कशी?" मी विचारलं.

"नेहमीसारखी," भागवत म्हणाले. "जाताना चालवतो तशीच येताना. माणूस तोच हाय."

तेव्हा ठरवलं की आपणच गाडीत बसून बघावं. शुक्रवारी रजा टाकून एसटीने लातूरला गेले. सासूबाईंना वाटलं बदलीसाठी कॉलेज बघायला आले. त्यांनी संध्याकाळी त्या कॉलेजच्या गेटपर्यंत नेऊन आणलं. "बघ, चालत अंतर हाय," त्या म्हणाल्या. "दुपारी घरी जेवायला येशील. गरम भाकर मिळंल." त्या खरंच आनंदात होत्या, आणि मला ज्वारीच्या त्या भाकरीचा मोह पडणं अशक्य नव्हतं.

शनिवारी दुपारी डिकीत तेवढाच माल, तेवढंच ऊन, तोच एसी. फरक एवढाच की शेजारच्या सीटवर मी. माझं वजन मी डाळीतून वजा करायला सांगणार होते, पण सासूबाईंनी ऐकलं नसतं.

भागवतनी गाडी छान चालवली. ऐंशीच्या आसपास, कुणाच्या मागे लागणं नाही, हॉर्न नाही. चाकूरजवळ ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या मागे ते बराच वेळ शांतपणे राहिले. मिलमध्ये नवीन आलेल्या मुनिमाबद्दल बोलत होते. अहमदपूरच्या पुढे एका हॉटेलसमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"इथला चहा चांगला असतो."

आम्ही बाकड्यावर बसलो. चहा ठीक होता. हॉटेलवाल्याने त्यांना ओळखलं आणि न विचारता खारी आणून दिली.

"नेहमी थांबता का इथं?" मी विचारलं.

"हाव, दर सोमवारी. जाताना अर्धा तास जातो इथं. पेपर असतो, वाचून होतो."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी कशाला?" ते म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "शनिवारी मधीच कशाला थांबायचं?"

"आज शनिवार आहे."

"आज तू हायस ना इथंच. आज कशाची घाई?"

त्यांनी खारी चहात बुडवली. ती तुटून आत पडली आणि ते चमच्याने काढत बसले.

टर्बो इंजिनाचं असं असतं की ते आकाराने लहान असतं. हलक्या पायाने चालवलं तर लहान इंजिनाएवढंच पितं. पाय दाबला की टर्बो आत जादा हवा कोंबतो, आणि हवा जादा आली की पेट्रोलही जादा लागतं. तेव्हा ते मोठ्या इंजिनासारखं ओढतं आणि तसंच पितं. याचा अर्थ ॲव्हरेज गाडीचं नसतं, पायाचं असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. चढाचा, डाळीचा, एसीचा आणि वाऱ्याचा हिशेब मी मांडला. पाय दोन्ही दिशांना सारखाच असेल असं मी न तपासता धरून चालले होते.

मी चहा संपवला. आणखी एक मागवला. मी सहसा एकच घेते.

नांदेडला पोचून पंपावर गेलो. चांदपाशांनी खटका पडल्यावर हात वर करून दाखवला, पुढे एक थेंब नाही. आकडा अठरा पूर्णांक तीन आला. उताराने जे दिलं त्यातलं बरंचसं एसी आणि डाळ यांनी खाल्लं होतं, थोडं उरलं होतं. सगळं जुळलं.

"बघ," भागवत म्हणाले, "गाडीत काही खोट न्हाई. मंग ते बारा कशामुळं येतं?"

"वेगामुळे."

"मी जोरात येतो?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. "ध्यानात येत न्हाई गाडीत बसल्यावर," ते म्हणाले. मग त्यांना एकदम सोपा उपाय सुचला. "मंग सोपं हाय की. शनिवारीबी असाच येत जातो, सावकाश. चहाबिहा घेत. दोन्हीकडून अठरा. आईचं पंधरा कुठल्या कुठं राहील."

उपाय बिनचूक होता. वर्गात मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"शंभराच्या वर जाऊ नका फक्त. बाकी राहू द्या."

"आन् बारा आलं तर?"

"येऊ द्या."

घरी येईपर्यंत त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून एका ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. भागवतनी तो स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. स्वतः कांदा चिरत होते.

"वर्षा, काय दिलं गं गाडीनं? महिना सरत आला."

त्या क्षणी माझ्याकडे एकूण आकडा होता, चौदा पूर्णांक आठ, बरोबर पद्धतीने काढलेला. आणि कालचा आकडा होता, अठरा पूर्णांक तीन, तोही बरोबर पद्धतीने काढलेला. कंपनी जाहिरातीतला आकडा देते तो काही खोटा नसतो. तो ज्या परिस्थितीत मिळाला त्या परिस्थितीत कुणी राहत नसतं, एवढंच. परिस्थिती बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि ती विचारली तरच सांगावी लागते.

"काल लातूरहून येताना मोजलं, आई," मी म्हटलं. "अठरा."

भागवतची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"अठरा?" सासूबाई म्हणाल्या. "शेजारच्या दयानंदची तर बावीस देती म्हणतो तो."

"ते मोजत नाहीत."

"ते बी खरंच." मला ते कॉलेजचं गेट आठवलं आणि गरम भाकर आठवली, आणि मला बरं वाटलं नाही. "बरं, पंधराच्या वर हाय म्हंल्यावर माझं काय म्हणणं न्हाई," त्या म्हणाल्या. "राहा तिकडं. मी बोलले ते बोलले."

"सुट्टीत येते, आई. महिनाभर राहते."

"ये. पन एक सांगू का. भागवतला जरा नीट चालवायला शिकव. शनिवारी जेवण सोडून पळतो, ताट तसंच राहतं. आन् सोमवारी मिल उघडायच्या टायमाला कधी येत न्हाई. गडी गेटवर बसून राहतेत. अठरा देती गाडी, मग ती सोमवारीच कशी काय थकती? रस्त्यात कुठं बसून राहतो ते इचार त्याला."

भागवत कांद्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याने येतंच.

"विचारते," मी म्हटलं.

सोमवारी पहाटे ते गेले. मी कॉलेजात जाऊन पोरांकडून सोडियमच्या दिव्याचा प्रयोग करून घेतला. बदलीचा अर्ज दिला नाही. पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा मी अजून कुकर लावलेला नव्हता. पंपावर गेलो. बारा पूर्णांक नऊ.

"नेहमीपेक्षा सुधारलं की," चांदपाशा म्हणाले.