बोटीच्या लायनरची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना लायनर आहे आणि अजूनही भेदरलेला आहे. वेरावळच्या धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी पडून असतो. माझे नावबंधू पुष्कळ. बायकांच्या पापणीवर काळी रेघ ओढतो तो लायनर, हेल्मेटच्या आतली गादी तीही लायनर, आणि हजारो माणसं घेऊन दर्या तुडवत जाणारं जहाज तेही लायनरच. मी मात्र ओतीव लोखंडाचं नळकांडं. राजकोटच्या भट्टीत जन्मलो आणि लखमशी तांडेलाच्या मासेमारी बोटीच्या मशीनमध्ये बसलो. माझ्या पोटात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली धावायचा, बाहेरून गार पाणी खेळायचं.

मशीन सांभाळायचा तांडेलाचा मेव्हणा देवशी. "ऐका दाजी, काय गोड आवाज! तुमच्या घोरण्यापेक्षा कितीतरी बरा," असं म्हणून तो खलाशांना हसवायचा. मी फुलून जायचो. पण वर्षं गेली, पाणी तेलात शिरू न देणारी माझ्या बुडाची रबरी रिंग झिजली. देवशीने ती बदलायचं काढलं की तांडेल म्हणायचा, "पुढच्या हंगामात बघू."

नारळी पौर्णिमेनंतर दर्याला नारळ देऊन बोट निघाली. बंदराच्या तोंडाशीच देवशीने मशीनचं तेल मोजायची पट्टी काढून पाहिली.

"दाजी, तेल ताकासारखं पांढरं झालंय! पाणी शिरतंय आत. मागे फिरा."

"नारळ दिल्यावर मागे? वेडा झालास का? दर्या कोपेल, आणि बंदरातले लोक तोंडात शेण घालतील ते वेगळंच!"

बोट पुढेच गेली. मला धडकी भरली, पण सांगणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाची झड लागली. समोरचं काही दिसेना. मशीनचं पाणी संपलं, मी भाजून निघालो आणि दट्ट्या माझ्या पोटात अडकला. बोट जागच्या जागी डुलू लागली. तेवढ्यात भोंगा वाजला. माझा तो थोरला नावबंधू, ते अजस्र जहाज, सरळ आमच्यावर येत होतं.

तांडेलाने समुद्राच्या पाण्याची बादली उचलली. देवशी आडवा आला.

"तापल्या लोखंडावर गार पाणी? लायनर तडकला की संपलो आपण! जरा निवू द्या."

"अरे, ते अंगावर येतंय!"

"दिसतंय मला. थांबा म्हणतो ना!"

खलाशी "जय दरियालाल" म्हणत रडू लागले. मी जिवाच्या आकांताने निवायला बघत होतो, पण लोखंड भीतीने गार पडत नाही हो! अखेर देवशीने पिण्याचं पाणी थोडं थोडं ओतलं आणि हँडल मारलं. "चल बाबा, एकदाच!"

मी दट्ट्याला वाट दिली. बोट बाजूला सरकली. जहाजाची भिंत इतक्या जवळून गेली की तिच्यावरचा गंज दिसला. मग मी वरपासून खालपर्यंत तडकलो.

दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. धक्क्यावर कुणी तरी खिजवलंच, "काय तांडेल, दर्या आवडला नाही वाटतं?"

लखमशीने ऐकलंच नाही. देवशीचा खांदा धरून तो म्हणाला, "दर्याला मी दुसरा नारळ दिला असता रे. तुझ्या बहिणीला दुसरा भाऊ कुठून देणार होतो?"

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. ते तापून, खडखडून, तेल नासवून सांगतं. त्याने सांगितलं की तिथल्या तिथे थांबा. आता देवशी मला रोज पुसतो, पण माझा तडा काही सांधला जात नाही.