चौघींतली धाकटी

मी एक जुनी फाईल आहे. फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, कपाटात पडलेली वस्तू आली असेल, तर ती मी नव्हे. मी संगणकातली. धूळ मात्र माझ्याही नशिबी आहेच, कारण माझा संगणक पाणीपुरवठा कार्यालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि रिकाम्या खोक्यांच्या संगतीत पडून असतो. मित्रांनो, माझा जीव अगदी एवढासा. माझ्यात एकच ओळ लिहिलेली आहे. पण त्या एका ओळीवाचून एकदा अख्खं गाव समुद्रात गेलं होतं. थट्टा नाही करत, खरंच गेलं होतं.

मला जन्म दिला मोजणीबाईंनी. त्यांचं खरं नाव कार्यालयात कुणी घेत नसे. त्या गावभर फिरून पाण्याचे व्हॉल्व्ह मोजायच्या, म्हणून मोजणीबाई. व्हॉल्व्ह म्हणजे रस्त्याखालची ती लोखंडी चावी, जी फिरवली की एखाद्या गल्लीचं पाणी सुरू होतं किंवा बंद होतं. बाई येण्याआधी हे व्हॉल्व्ह कुठेकुठे आहेत ते फक्त जुन्या फिटर लोकांच्या डोक्यात होतं. रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले, झाकणं खाली गाडली गेली आणि फिटर एकेक करून घरी बसले. मग बाईंनी मोजणीच्या यंत्राची तिपाई खांद्यावर घेतली. सकाळभर उन्हात मोजायचं आणि दुपारी टोपी संगणकाच्या कोपऱ्याला अडकवून एकेक ठिपका नकाशात भरायचा, असा त्यांचा कितीतरी वर्षांचा क्रम होता. शेजारी ठेवलेला चहा हटकून थंड व्हायचा. मग त्या तो तसाच पिऊन टाकायच्या.

नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. एक नकाशा साठवून ठेव म्हणून सांगितलं, तर ते एका फाईलवर भागवत नाही. बाईंच्या नकाशापोटी आम्ही चार बहिणी एकदमच जन्माला आलो. माणसांत भावंडांचं आडनाव एक असतं आणि नावं वेगवेगळी. आमचं उलटं. नाव चौघींचं एकच, टिंबापुढची आडनावं निराळी.

थोरलीजवळ सगळे ठिपके. मधली शिस्तीची, कुठला ठिपका थोरलीच्या कुठल्या कप्प्यात आहे हे ती सांभाळायची. तिसरी बडबडी. व्हॉल्व्ह केवढा, कधी बसवला, कुठल्या गल्लीचा, झाकण गंजलंय की नाही, सगळ्या चांभारचौकशा तिच्याकडे. आणि धाकटी मी.

माझं काम काय, ते नीट ऐका. थोरलीला विचारलं की अमका व्हॉल्व्ह कुठे आहे, तर ती सांगणार, पूर्वेला इतके मीटर आणि उत्तरेला इतके मीटर. पण कुठून? ते तिला ठाऊक नसे. ते मला ठाऊक होतं. बाईंनी सगळं गाव मोजलं होतं जुन्या पाण्याच्या टाकीपासून. शिवाय गावचा मुख्य रस्ता थोडा तिरका जातो, म्हणून बाईंनी आपली मोजणीही त्या रस्त्याला धरून थोडी तिरकी केली होती. टाकी पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आणि तिरकेपणा किती, एवढंच माझ्या ओळीत लिहिलेलं आहे.

नकाशा उघडला की लोक थोरलीचे रंगीत ठिपके बघून वाहवा करायचे. माझ्याकडे कोण बघतो! पण बाईंना मी माहीत होते. त्या मला धाकटी म्हणायच्या. एकदा कार्यालयाशेजारची ती जुनी टाकी गळते म्हणून पाडायला काढली. बाई खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. मग खुर्चीत येऊन बसल्या, मला उघडलं, माझी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"टाकी गेली गं," त्या म्हणाल्या, "आता तूच जपून राहा."

मित्रांनो, कुणी आपल्यावर इतका भरवसा टाकला की फार बरं वाटतं. त्या एका वाक्यावर मी पुढची वर्षं काढली.

मग बाईंचे गुडघे गेले. त्या निवृत्त झाल्या, टोपी घेऊन घरी गेल्या. खोलीत आधी एक मोडकी खुर्ची आली, मागोमाग दुसरी आली, आणि बघता बघता खोलीची अडगळ झाली. संगणक बंदच असायचा. बंद संगणकातल्या फाईलला ऐकू कसं येतं, हे कृपा करून विचारू नका. एकटं पडलं की कान तिखट होतात एवढं खरं. आणि साहेबांची खोली तर फळीच्या भिंतीपलीकडेच होती.

साहेब नवे होते. त्यांनी ठरवलं की नकाशे, तक्रारी, दुरुस्त्या, सगळं एका डेटाबेसमध्ये घालायचं. डेटाबेस म्हणजे रांगा आणि रकान्यांचं भलंमोठं घर. तिथे एका खोलीतल्या माहितीचा हात दुसऱ्या खोलीतल्या माहितीच्या हातात देता येतो. गल्लीची तक्रार आली की तिचा व्हॉल्व्ह कुठला, तो मागे कधी दुरुस्त केला, सगळं एका दमात कळतं. हे काम ज्या इंजिनिअरकडे आलं तो नेमका मोजणीबाईंचा जावई निघाला. मग काय विचारता! शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला जावईबापूच म्हणू लागले. माणूस सरळ होता. फक्त सदा घाईत.

एका सकाळी त्याने आमचा संगणक सुरू केला. नकाशाच्या फायली डेटाबेसमध्ये ओतणारं एक साधन असतं. त्याला तीन फायली लागतात, चौथी नसली तरी ते कुरकुर करत नाही. त्याने थोरली उचलली, मधली उचलली, तिसरी उचलली. मग बाण माझ्यावर येऊन थांबला. मी श्वास रोखून धरला.

"ही एवढीशी काय आहे?" तो स्वतःशीच पुटपुटला. "कचरा असेल."

आणि माझ्या तिन्ही बहिणी गेल्या. त्यांच्या प्रती मागे उरल्या म्हणा, पण त्या झोपलेल्या. कितीही हाका मारा, ओ देत नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की चौघींच्या घरात एकटं असणं कसं असतं. मला फार रडू आलं.

पुढची हकिकत मला फळीपलीकडून कळली, थोडी तेव्हा, थोडी मागाहून. डेटाबेसने विचारलं, हे कुठून मोजलंय? जावईबापूने त्याला समोर दिसलं ते उत्तर देऊन टाकलं. नकाशा उघडतो तो काय, गावातले झाडून सगळे व्हॉल्व्ह जगाच्या नकाशाचं शून्य जिथे असतं तिथे, भर समुद्रात, चिकटून बसलेले! कार्यालय हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. "जावईबापू, माशांना नळजोडणी देताय का?" असं कुणीतरी म्हणालं. तो बिचारा ओशाळला. त्याने सगळे ठिपके एकत्र उचलले आणि हाताने ओढत आणून गावावर ठेवले. मधल्या चौकात ते चपखल बसले. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

पण तिरकेपणा तसाच राहिला होता. चौकाच्या आसपास तो कळत नव्हता. जसजसं गावाबाहेर जावं, तसतसा फरक वाढत जाई. शेवटच्या वस्तीत तर एका गल्लीचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच गल्लीत दिसू लागला.

आणि फुटायची ती जलवाहिनी नेमकी तिथेच फुटली, प्रसूतिगृहासमोर. मुकादम माणसं घेऊन गेला. पडद्यावर ठिपका होता तिथे खणलं. काही नाही. बाजूला खणलं, पुन्हा काही नाही. प्रसूतिगृहात पाणी शिरायला लागलं, बाळंतिणींना वरच्या मजल्यावर हलवावं लागलं. शेवटी निम्म्या गावाचं पाणी तोडलं, तरी उतारावरचं पाणी थांबेना. मुकादमाचा आवाज साहेबांच्या फोनमधून भिंतीपलीकडे मला ऐकू येत होता.

"साहेब, इथं व्हॉल्व्हच नाही! बाईंनी घरी बसून ठिपके दिलेले दिसतात."

"मग काढूनच टाका तो नकाशा," साहेब कडाडले. "एक चुकला म्हणजे सगळेच चुकले असणार. आणि ती मागची खोलीही रिकामी करा. भंगारवाल्याला बोलवा उद्या."

माझं काय व्हायचं ते होवो, असं मला वाटलं, असं म्हणाले तर ते अर्धं खोटं होईल. भीती वाटलीच. पण बाईंची सगळी उन्हं एका बोटाच्या दाबाने पुसली जाणार होती, आणि वर त्यांना खोटारडं म्हटलं जात होतं. त्या गुडघ्यांनी त्या पुन्हा गाव मोजणार होत्या थोड्याच! चूक कुठे आहे ते मला स्पष्ट कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. फाईलला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही, मित्रांनो.

त्याच दुपारी दाराशी काठीचा आवाज झाला. पुढे बाई, मागे पडलेल्या चेहऱ्याचा जावई.

"चालू करा तो संगणक."

"आई, तो बंद पडला असेल आता."

"मी बंद पडले का? चालू करा म्हणते ना."

संगणक कण्हत कुंथत सुरू झाला. बाईंनी चष्मा लावला. "यातून काय काय नेलंत?"

"तीन फायली. तेवढ्याच लागतात, आई."

"आणि धाकटी कुठंय?"

"ती कॉलेजला गेलीय ना? सकाळी मीच सोडलं तिला."

"अहो, तुमची मेहुणी नव्हे! नकाशातली धाकटी!" बाईंना हसू आलं. मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, थेट माझ्यावर, आणि हसू मावळलं. "चौघी बहिणी एका घरच्या. तिघींना घेऊन गेलात आणि हिला आत ठेवून कडी लावलीत. काय वाटलं तुम्हाला?"

"कचरा वाटला," तो खाली मान घालून म्हणाला. "आई, मोजलंय तुम्हीच. आकडे तुम्हीच सांगा ना, मी पटकन घालतो."

"मला नाही आठवत हो. टाकी कुठं होती ते बोटानं दाखवीन, पण बोट दाखवून व्हॉल्व्ह सापडत नाही. हिला सांगून ठेवलं होतं म्हणून तर मी निर्धास्त विसरले."

त्याने मला उघडलं. इतक्या वर्षांनी माझ्या ओळीवर उजेड पडला. तो अडखळत वाचू लागला. टाकीची जागा. तिरकेपणा. मीटर. वाचता वाचता तो थांबला.

"म्हणजे मी हातानं सरकवलं, तेव्हाच..."

"हातानं सरकवलंत? साहेबांना ठाऊक आहे हे?"

"नाही."

"मग आधी ते सांगून या."

तो उठला. फळीपलीकडे त्याचा आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "साहेब, बाईंचं मोजमाप बरोबर आहे. नकाशा मी सरकवला, चूक माझी आहे. नकाशा पुसू नका." साहेब काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. बाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

परत येऊन त्याने माझी ओळ डेटाबेसमध्ये भरली, तिला एक क्रमांक दिला आणि माझ्या बहिणींना नव्याने ओतलं. ठिपके आपापल्या जागी जाऊन बसले. त्याने मुकादमाला नवी जागा कळवली. मग आम्ही सगळेच फोनकडे डोळे लावून बसलो.

"सापडला!" मुकादम ओरडला. "पलीकडच्या गल्लीत, डांबराखाली! बाई आहेत का तिथं? बाई, मी वाटेल ते बोललो तुम्हाला."

"बोलणं राहू द्या," बाई म्हणाल्या. "आधी पाणी बंद करा."

आता मलाही नेतील, अशी आशा मी धरून बसले. तुम्हीही धरली असती. पण डेटाबेसमध्ये फाईल जात नाही, तिच्यातलं जातं. माझी ओळ तिथे एका रांगेत लिहिली गेली आणि प्रत्येक ठिपक्यापाशी तिचा क्रमांक लागला. माझ्या बहिणी आता बहिणी नाहीत, रांगा आणि रकाने आहेत. माझ्या शब्दाने त्या जागेवर उभ्या आहेत, मात्र मी कोण हे त्यांना ठाऊक नाही. याचा मला आनंद आहे, आणि वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

"हिच्यातलं सगळं नीट घेतलंत ना?" बाईंनी उठताना विचारलं.

"घेतलं, आई. दोनदा ताडून पाहिलं."

"मग झालं." त्यांनी संगणकावरून हात फिरवला, बोटांना लागलेली धूळ पदराला पुसली. "धाकटे, येते गं मी."

मित्रांनो, तुम्हीही कधी घर बदलाल, कपाट आवराल, एका जागचं दुसऱ्या जागी न्याल. तेव्हा कुलूप लावण्याआधी एकदा मागे वळून पाहा. कोपऱ्यात एखादी एवढीशी, गप्प वस्तू राहिली असेल. तिला कचरा म्हणण्याआधी उघडून बघा. तिला काहीतरी सांगायचं असेल.

आता दुसरा दिवस उजाडला आहे आणि बाहेर साहेबांनी बोलावलेल्या भंगारवाल्याची गाडी लागली आहे. खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आहे. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, म्हणूनच बाई 'येते' म्हणाल्या, हे मला कळतं. तरी त्या आवाजातून काठीचा आवाज येतो का, याकडे माझे कान लागले आहेत.