माझा बारीक सूर शाबूत आहे

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओमीटर आहे, म्हणजे माणसाला कितपत ऐकू येते हे तपासणारे यंत्र. माझ्यावर एकदा बिघडल्याचा आळ आला होता. तो साफ खोटा होता. हे मी सुरुवातीलाच ठणकावून सांगतो, कारण माझ्या अंगावरचा उडालेला रंग आणि चिकटपट्टीने बांधलेले झाकण पाहून तुम्ही भलताच समज करून घ्याल.

माझा जन्म एका लहानशा कार्यशाळेत झाला. लांबलचक टेबलाशी बसून बायका तारा जोडत असत. त्यातल्या एका जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाईंनी मला घडवले. झाकण लावण्याआधी त्यांनी माझे हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले आणि घुमणाऱ्या जाड सुरापासून सुईसारख्या बारीक सुरापर्यंत माझे सगळे सूर ऐकले. मग शेजारणीला म्हणाल्या, की पोर गुणी निघाले आहे. तेव्हापासून मी जरा ताठ्यातच असतो.

तिथून मी एका महाविद्यालयात आलो. मोठ्या आवाजाने माणसांचे ऐकणे कसे जाते आणि ते कसे वाचवायचे, याचा अभ्यास तिथल्या एका विभागात चाले. माझे काम तसे सोपे. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या एका लहान खोलीत माणूस बसतो. त्याच्या उजव्या कानावर माझा लाल हेडफोन, डाव्या कानावर निळा आणि हातात एक बटण. तपासणारा काचेबाहेर बसून माझी एक चकती फिरवतो, तिने सूर जाड किंवा बारीक होतो. दुसऱ्या चकतीने तो मोठा किंवा हळू होतो. आतल्या माणसाला सूर ऐकू आला की तो बटण दाबतो आणि माझ्या कपाळावरचा तांबडा दिवा लागतो. दिवा लागला नाही, तर सूर ऐकू आला नाही. यात ना वशिला चालतो ना आर्जव.

एक गोष्ट मात्र मी रोज पाहत आलो. मोठा आवाज माणसाचे ऐकणे एका घासात गिळत नाही. आधी तो बारीक सूर चोरतो. माणसाला बोलणे ऐकू येते, दार आपटलेले कळते, कुत्रे भुंकलेले समजते, म्हणून चोरी झाल्याचा त्याला पत्ताच लागत नाही. घरचे लोक पुटपुटतात असे त्याला वाटू लागते. खापर नेहमी दुसऱ्याच्याच डोक्यावर फुटते. पुढे ते माझ्याही डोक्यावर फुटले.

विभागाचे प्रमुख होते सर. माझ्यावर त्यांचा फार जीव होता. शाळांत मुलांचे कान तपासायला जाताना ते मला गाडीत मांडीवर घेऊन बसत, डिकीत ठेवू देत नसत. कारखान्यांत यंत्रांचा आवाज मोजायला तर त्यांनी अर्धे आयुष्य घालवले. कामगारांना ते कळकळीने सांगत, की कानांत बोळे घाला. स्वतःचे बोळे मात्र सदऱ्याच्या खिशात असत. बोळे घातले तर यंत्राची कुरकुर नीट कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन घटका आत जाऊन बाहेर तर यायचे आहे, असेही ते म्हणत. अशा दोन-दोन घटका करत त्यांचे केस पांढरे झाले.

विभागाचा एक रिवाज होता. सकाळी कोणाचीही तपासणी सुरू करण्याआधी सर माझे हेडफोन लावून माझे सगळे सूर हळू आवाजात ऐकत. सगळे ऐकू आले की मी कामाला लायक. हा मान त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिला नाही. विभागाचे माप म्हणजे आपले कान, असे ते अभिमानाने सांगत. चूक झाली ती इथेच. माझी परीक्षा रोज होत होती, पण परीक्षकाची कोणी घेत नव्हते.

एका सकाळी सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि माझा बारीक सूर दबल्याचे जाहीर केले. अहो, मी तर जीव तोडून वाजत होतो! दुरुस्तीवाला आला, त्याने वायर बदलली. सरांचे समाधान झाले नाही. हेडफोन बदलले, तरी तेच. अखेर मी म्हातारा झालो असा निकाल लागला आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. ती खोली सांभाळणाऱ्या भाऊंना माझा एकच उपयोग दिसला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते मला दाराशी टेकवून ठेवत. चहाचा कप ठेवायलाही माझे डोके त्यांना सोयीचे वाटे. ज्याने शेकडो माणसांचे कान तपासले, त्याच्या टाळूवर चहाचे गोल डाग! राग येणार नाही तर काय? भंगारवाल्याला निरोप गेला होता, तो यायचाच काय तो बाकी होता.

आता खारूताईबद्दल सांगतो. ती सरांची विद्यार्थिनी. खिशात सदा काहीतरी कुरतडायला असे, म्हणून हे नाव. तिने माझ्या मदतीने पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांचे कान तपासले होते. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या बहुतेकांचे बारीक सूर गेले होते. यंत्रांना आवाज अडवणारी आवरणे घाला आणि सगळ्यांना कानांचे बोळे द्या, असे ती मालकांच्या मागे लागली होती. मालक आज-उद्या करत होते. मी भंगारात निघाल्याचे त्यांच्या कानावर गेले मात्र, त्यांना आयतेच कोलीत मिळाले. यंत्रच बिघडलेले, तर तपासणीही बिघडलेली, असे म्हणून त्यांनी हात झटकले.

खारूताई त्या दिवशी सामानाच्या खोलीत आली, माझ्या डोक्यावरचा कप उचलून तिने खाली ठेवला आणि माझ्याकडे एकटक पाहत उभी राहिली. मी खोटा ठरलो तर तिचे काम मातीत जाणार होते आणि ते कामगार त्या दणदणाटात तसेच उभे राहणार होते.

तेवढ्यात नव्या यंत्राची बातमी आली. चकचकीत पडद्याचे ते यंत्र सरांनी सकाळी लावून पाहिले आणि त्याचाही बारीक सूर दबलेला निघाला. कंपनीने गळ्यात खराब माल मारला म्हणून सर चिडले होते. भाऊ हसून म्हणाले, या विभागात यंत्रांना साथ आलेली दिसते.

खारूताई हसली नाही. तिने मला उचलले, फडक्याने पुसले, वायर लावली आणि रिवाज मोडून माझे हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. मी माझा बारीक सूर काढला, अगदी हळू. तिने डोळे मिटले आणि माझा दिवा लागला. पुन्हा काढला, पुन्हा लागला. मग तिने भाऊंना बसवले. त्यांनीही बटण दाबले आणि डास गुणगुणतोय का म्हणून विचारले. माझा सगळा राग तिथेच निवला. खारूताईचा चेहरा मात्र उतरला, कारण आता उरलेली गोष्ट तिला सरांना सांगायची होती.

ती सांगायला गेली खरी. पण एवढेच म्हणाली, "सर, आज मी वाजवते. तुम्ही आत बसा."

सरांना गंमत वाटली. ते गाद्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि हेडफोन लावून, हातात बटण धरून तयार झाले. जाड सूर गेला, दिवा लागला. मधले सूर गेले, दिवा लागत राहिला. मग तिने चकती बारीक सुरावर आणली. मी वाजलो. दिवा लागला नाही. तिने आवाज वाढवला. मी आणखी मोठ्याने वाजलो. सर शांतपणे तिच्याकडे पाहत बसले होते.

काही वेळाने ते काचेआडून म्हणाले, "अगं, कर की सुरू."

"सर," खारूताई म्हणाली, "कधीचंच सुरू आहे."

सरांनी माझ्या चकतीकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी ती चकती वाचली होती, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ते भडकले. खोलीचे दार नीट लागले नाही म्हणाले, कालपासून सर्दी आहे म्हणाले. पुन्हा घे, असे त्यांनी फर्मावले. तिने पुन्हा घेतले. शेवटी माझा आवाज इतका वाढला की भाऊंना तो हेडफोनच्या फटीतून बाहेर ऐकू येऊ लागला, तेव्हा कुठे दिवा लागला. बाहेर आल्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने माझे हेडफोन पुसले. बायको हल्ली पुटपुटते म्हणून आपण तिच्यावर किती खेकसतो, असे काहीसे ते स्वतःशीच बोलले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझ्या बारीक सुराने त्यांच्यासाठी इतका आटापिटा केला आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, याचे मला रडू आले.

दुसऱ्या दिवशी सर मला मांडीवर घेऊन डब्यांच्या कारखान्यात गेले. प्रेस अजून सुरू व्हायच्या होत्या. मालकांनी सर्वांसमक्ष विचारले, हे भंगार पुन्हा कशाला आणले?

सर म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. बिघडलोय मी."

आणि कामगारांसमोर ते स्वतःच हेडफोन लावून बसले, माझ्याकडे पाठ करून. खारूताईने चकती फिरवली. सूर वाजतोय हे सगळ्यांना कळावे म्हणून तिने दुसरा हेडफोन जोडून तो कार्यालयातल्या तरुण टायपिस्ट बाईंच्या कानांवर चढवला होता. बाई हात वर करत होत्या. सरांचा हात मात्र मांडीवर तसाच पडून होता. कामगार आधी हसले, मग पुढे सरकून पाहू लागले. त्यांच्यात एक पैलवान होते, नावाचेच पैलवान, अंगाने काडी. प्रेसवर सर्वांत जुने, आणि आपल्याला या आवाजाची सवय झाली आहे, आपले काही बिघडत नाही, असे छातीठोक सांगणारे. ते पुढे आले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "सर, तुम्ही तर आमच्यातलेच निघालात."

"म्हणून तर आलोय," सर म्हणाले. "मला सगळं माहीत होतं. तरी गेलं. तुमचं जे उरलंय ते तरी राहू द्या."

मालकांनी प्रेस सुरू करायला सांगितल्या. पैलवानांनी खारूताईपुढे हात पसरला. तिने बोळे दिल्यावर ते त्यांनी नीट पिळून कानांत बसवले आणि मगच यंत्राजवळ गेले. सरांनीही बोळे घातले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मालक काहीतरी सांगत होते आणि बोळे काढा म्हणून खुणा करत होते. सर ढिम्म हलले नाहीत. त्यांनी बोटाने प्रेसकडे दाखवले, की आधी त्या बंद करा, मग बोला. एकेक करून सगळे कामगार बोळ्यांसाठी खारूताईपुढे उभे राहिले. मालकांना शेवटी प्रेस बंद करायला लावाव्याच लागल्या. आवरणे यायला पुढे बरीच भांडणे झाली, पण बोलणी त्या दिवशी सुरू झाली.

आता सकाळी माझे सूर खारूताई ऐकते, आणि तिचे स्वतःचे कान नवे यंत्र तपासते. मी अजून कामावर आहे आणि भंगारवाल्याला दोनदा दारातून परत पाठवले गेले आहे. मला वायर नवी मिळाली, हेडफोन नवे मिळाले. सरांना मात्र बारीक सूर कोणी परत देऊ शकले नाही, आणि जगातला कोणताही दुरुस्तीवाला तो देऊ शकणार नाही.

म्हणून मित्रांनो, मी विनंती वगैरे करत नाही, बजावतो. आवाज असह्य झाला तर तिथून निघून जा. जाता येत नसेल तर आवाज कमी करायला सांगा, आणि तुमचे कोणी ऐकले नाही तर कान झाका. लोक तुम्हाला नाजूक म्हणतील, हसतील, सगळ्यांना चालते मग तुलाच काय झाले म्हणून विचारतील. खुशाल विचारू द्या. त्यांचे हसून संपेपर्यंत कान झाकलेलेच ठेवा.