ओला हात

रांजणाचं झाकण उचललं आणि यरूशाचा हात तिथेच थांबला. जवांवर पाल मरून पडली होती, पोट वर करून.

कापणीला अजून सहा आठवडे होते. घरात दुसरा दाणा नव्हता. नवरा मेंढरं घेऊन दक्षिणेला गेलेला. मागे ती, सासू नामा आणि चार वर्षांची सेरह.

नामाने डोकावून पाहिलं. "हात मागे घे. मेलेली पाल पडली, म्हणजे नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध. मातीचं भांडं, ते तर आता फोडायचंच. जव कोरडे असले तर वाचतील. पाणी लागलेलं असलं तर तेही गेले." शुद्ध-अशुद्ध ठरवायला ती याजकाला बोलवायला निघाली.

यरूशा एकटीच रांजणापाशी उभी राहिली. काल संध्याकाळी ती पीठ मळत असताना सेरह भाजलेल्या दाण्यांसाठी रडत होती. यरूशाने पाण्यातून काढलेला हात तसाच रांजणात घातला होता. मूठभर दाणे, दुसरं काही नाही. या घरात आली त्याच दिवशी नामाने बजावलं होतं, धान्यात हात घालायचा तर आधी पुसायचा.

याजक अहीएजर काठी टेकत आला, दारातच दम खायला थांबला.

"पाली पण हुशार," तो म्हणाला. "माझ्याकडे मरायला येत नाहीत. माझ्याकडे आहेच काय?"

त्याने काठीच्या टोकाने पाल बाहेर काढली आणि वाकून बराच वेळ जव पाहिले.

"कोरडे दिसतात. पण वाळून गेलेलं पाणी मला दिसत नाही, पोरी. ते घरातल्यांनीच सांगायचं. पाणी लागलं होतं का?"

"नाही," नामा म्हणाली. "कोरडेच आहेत."

"आई, भाकर," सेरह म्हणाली.

अहीएजर मान हलवून वळलासुद्धा. तो उंबऱ्यापर्यंत पोचला.

"बाबा, थांबा," यरूशा म्हणाली. "काल मी ओला हात घातला होता. मनगटापर्यंत. या कडेला."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ज्यांना पाणी लागलं ते दाणे अशुद्ध. बाकीचे खा. कुठवर लागलं, ते तूच ठरव."

तिने फुटक्या माठाची खापरी घेतली आणि त्या कडेचे दाणे काढू लागली. मनगटाएवढी खोली झाली तरी ती थांबली नाही. कोपराएवढं खणलं, बाजूलाही दोन वीत. जवळजवळ तिसरा हिस्सा बाहेर आला.

"एवढे?" अहीएजरने विचारलं.

"थेंब खाली कुठवर झिरपला, ते मला माहीत नाही."

"शेळीला घाल," तो म्हणाला, आणि गेला.

उरलेले जव दोघींनी घोंगडीवर ओतले. नामाने रांजण फोडायला दगड उचलला, पण मारला नाही.

"काल मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुझा हात."

"मग कोरडे का म्हणालात?"

"तू गप्प बसली असतीस तर पाप माझ्या जिभेवर राहिलं असतं. माझी अशी किती वर्षं उरलीत."

नामाने रांजणावर दगड घातला. शेळी बाजूला काढलेल्या दाण्यांच्या ढिगात तोंड घालून उभी होती. सेरह तिच्याकडे टक लावून बघत होती.

यरूशाने हात अंगरख्याला पुसला, उलटून पुन्हा पुसला, आणि घोंगडीवरून दाणे घेतले. दोन मुठी. कालपर्यंत तीन घ्यायची.