बावीस नंबरची पाटी

"बावीस नंबर! सगळे बावीस नंबर इकडे!" नव्वाफने हातातली पाटी उंच धरली आणि चौथ्यांदा माणसं मोजली. चौतीसपैकी तेहतीस. म्हणजे टाचेला फोड आलेली ती डॅनिश बाई, डोर्टे, पुन्हा मागे राहिली होती. सकाळी जॉर्डनच्या अकाबा बंदरात बोटीतून उतरल्यापासून तिने त्याचा जीव खाल्ला होता. हे कोणी कोरलं, ते कशाने कोरलं, वाळवंटात पाणी कुठून यायचं? दोन वाजता डोंगरात कोरलेल्या या पेट्राहून बस सुटली नाही, तर बोट काही कुणासाठी थांबणार नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. पुरातत्त्व खात्याचा मुकादम होता.

"तुझी आई गुहेत ठाण मांडून बसलीय. माझी माणसं ब्रश घेऊन ताटकळतायत."

"साहेब, माझ्याबरोबर लोक आहेत..."

"छताची काजळी आजच निघायला हवी. पाहुण्यांना दगडाचे रंग दिसले पाहिजेत. अर्ध्या तासात म्हातारीला खाली आण, नाहीतर गाइडचा परवाना विसर."

"दहा मिनिटं इथेच थांबा," असं सगळ्यांना बजावून तो तावातावाने पायऱ्या चढू लागला. सरकारने त्यांना या गुहांतून उठवून नवी घरं दिली, त्याला चाळीस वर्षं होत आली. नळ आहे, गॅस आहे, आणि ही बाई रोज उठून गुहा झाडायला येते!

ब्रशवाले दोघे दारात बसून तिचाच चहा पीत होते.

"बूट घालून आत आलास?" आई म्हणाली. तिने चटई अंथरली होती, किटली चुलीवर होती.

"आई, ऊठ आता. माझ्या पोटावर पाय येतोय आणि तुला बुटांचं पडलंय! काजळी तर आहे नुसती."

"हो, काजळीच. तिच्याखाली सहा पोरं वाढवली मी."

तो तोंड उघडणार, इतक्यात गुहेत अंधारून आलं. वळून बघतो तर दारात सगळी माणसं उभी. पाटी त्याच्या हातातच राहिली होती, आणि बोटीवर त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतलेली: पाटीची पाठ सोडायची नाही. सगळ्यात पुढे डोर्टे, लंगडत. नव्वाफने कपाळावर हात मारला.

"हे छत काळं कशाने झालं?" तिने विचारलं. विचारणारच.

उत्तर त्याला तोंडपाठ होतं. मेंढपाळांच्या शेकोट्या, जुन्या काळच्या, चला पुढे. बारा वर्षं तो हेच सांगत आला होता, आणि सांगताना या गुहेकडे बघायचं टाळत आला होता.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

"हे काळं कशाचं, विचारतेय."

"मग सांग की. तुला येतं ना त्यांचं बोलणं."

नव्वाफने छताकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो इंग्रजीत म्हणाला, "ही माझ्या आईच्या चुलीची काजळी आहे. त्या कोपऱ्यात माझा जन्म झाला. आज ही घासून काढणार आहेत."

डोर्टे भिंतीला धरून वाकली. तिच्यामागे आणखी एकजण वाकला, मग आणखी एक. नव्वाफच्या खिशात फोन वाजू लागला.

"काय सांगितलंस त्यांना?" आईने विचारलं.

"रोजचंच."

"मग जोडे का काढतायत सगळे?"

फोन वाजतच होता. नव्वाफने पाटी भिंतीला टेकवली आणि खाली बसून आपल्या बुटांचे बंद सोडायला घेतले.