व्हय म्हणणारा संगप्पा

संगप्पाला काहीही विचारा, तो "व्हय" म्हणायचा. जेवलास का, व्हय. उपाशी आहेस का, व्हय. असा माणूस हाती लागला की पोलिसांना आयतं घबाडच. सोलापूरच्या पूर्व भागातून मोटारसायकली चोरीला जात होत्या, चोर सापडत नव्हता. एका ठाण्यातल्या कुंडलिक हवालदारानं संगप्पाला बाकावर बसवलं आणि एकेका गाडीचं नाव घेतलं. संगप्पानं सगळ्या कबूल केल्या. त्यातली एक गाडी तर तो आधीच्या गुन्ह्यात जेलमध्ये असताना गेली होती. दाक्षायणीनं हे दाखवून दिलं, तेव्हा हवालदार म्हणाला, "मॅडम, त्यो सोता व्हय म्हणतोय, आमी काय करणार?"

दाक्षायणी जेलमधून सुटलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. चिडणं हा तिचा निम्मा धंदाच होता म्हणा ना, पण संगप्पाच्या पायी ती जितकी चिडली तितकी कुणाच्याच पायी चिडली नसेल. कारण त्याचं एक दुखणं नव्हतं. लहानपणापासून फिट यायची, त्यात बुद्धी मागं राहिलेली, वर शिंदी पिण्याची सवय. दवाखान्यात म्हणत, आधी पिणं सोडवा, मग गोळ्या लागू पडतील. व्यसनमुक्तीवाले म्हणत, फिट येणारा माणूस आम्ही ठेवत नाही. मंदबुद्धीच्या लोकांना सांभाळणारे म्हणत, पोलीस केसवाला आमच्याकडे नको. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत.

सगळ्यांना नकोसा असलेला हा माणूस एकाला मात्र हवा होता. युवराज गाड्या उचलायचा आणि म्हणायचा, "संगप्पा, एवढी गाडी पुलापल्याड ढकलत ने." व्हय. गाडी ढकलताना धरला जायचा संगप्पा, युवराज कुठंतरी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खात बसलेला असायचा.

शेवटी दाक्षायणीनं ठरवलं, याला दुसरं काही शिकवायचं नाही. फक्त नाही म्हणायला शिकवायचं. चहाच्या टपरीवर तालीम सुरू झाली.

"संगप्पा, तू काल सिद्धेश्वराचं तळं चोरलंस?"

"व्हय, अक्का."

"कुठं ठेवलंस?"

संगप्पानं बराच विचार केला. "घरात," तो म्हणाला.

टपरीवाला हसून हसून वाकला. दाक्षायणीला रडावं की हसावं कळेना. तिनं त्याला शिकवलं, कुणी काही विचारलं की लगेच तोंड उघडायचं नाही. खाली जमिनीकडं बघायचं, मोठा श्वास घ्यायचा, आपल्याला काय वाटतं ते आठवायचं, मगच बोलायचं. दगडावर डोकं आपटण्यातलं काम होतं ते. पण एके दिवशी युवराज गाडी घेऊन आला, संगप्पानं जमिनीकडं बघितलं, श्वास घेतला आणि म्हणाला, "न्हाय." युवराजनं कानाखाली जाळ काढला. सुजलेला गाल घेऊन संगप्पा संस्थेत आला, तो हसतच. त्या दिवशी दाक्षायणीनं सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

त्यानंतर मंगळवेढ्याकडं एक संस्था सापडली. फिट, व्यसन आणि केस, तिन्ही असलेला माणूस घ्यायला तयार असलेली ती एकटीच. तिथल्या साहेबांच्या दाक्षायणीनं इतक्या विनवण्या केल्या, की तिचा फोन दिसला की ते उचलायचेच नाहीत. अखेर एक खाट रिकामी झाली. दाक्षायणी संगप्पाला एसटीनं जागा दाखवायला घेऊन गेली. ज्वारीच्या रानात बसकी, पांढरी इमारत, डॉक्टर, वेळेवर गोळ्या, भाजीचा वाफा.

"आवडलं?"

"व्हय, अक्का."

"राहशील इथं?"

"व्हय."

चोरीची गाडी ढकलताना तो खरोखरच पकडला गेला होता, त्या केसचा निकाल राहिला होता. वकिलांनी सांगितलं, या संस्थेत राहायला तयार असेल तर कोर्ट हमीवर सोडेल, नाहीतर पुन्हा जेल. आणि मागच्या खेपेला जेलमध्ये गोळ्या चुकल्या होत्या, फिटमध्ये त्याचं डोकं फरशीवर आपटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर वाचायचा नाही.

निकालाच्या दिवशी न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून नीट विचारलं. बाई खरोखर चांगल्या होत्या.

"संगप्पा, तुम्ही त्या संस्थेत राहायला तयार आहात? आपल्या खुशीनं?"

संगप्पानं जमिनीकडं बघितलं. मोठा श्वास घेतला.

"न्हाय," तो म्हणाला.

बाईंनी प्रकरण जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवलं. व्हरांड्यात येताच दाक्षायणीचा तोल गेला. "काय बोलायलास तू? कळतंय का तुला? अरे, मरशील तिथं जेलात."

"तितं लई गप हाय, अक्का," संगप्पा म्हणाला.

"कुठं?"

"मंगळवेड्याला. कायच आवाज न्हाय."

मग त्यानं सावकाश सांगितलं. त्याची आई सुंदरम्मा यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि त्याला मागाखाली निजवायची. आई गेली तरी तो त्याच कारखान्याच्या पडवीत झोपत होता. माग चालू असले की बरं वाटतं. लाइट गेली, माग थांबले, की फिट येते. दाक्षायणी तीन वर्षं त्याच्या फिटबद्दल डॉक्टरांशी बोलत होती. फिट कधी येते, हे तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टर यावर हसले असते. ती हसली नाही.

"मग त्या दिवशी तिथं व्हय का म्हणालास?" ती ओरडलीच.

संगप्पा गोंधळला. "पोलिसास्नी न्हाय म्हणायचं, युवराजला न्हाय म्हणायचं, आसं शिकिवलंय की तुमी. तुमाला बी म्हणायचं असतंय व्हय?"

जेलमध्ये पाठवायचं म्हणजे त्याला मारायचं. मंगळवेढ्याला पाठवायचं म्हणजे कुंडलिक हवालदारानं केलं तेच करायचं, फक्त गोड बोलून. तिला स्वतःचा राग आला, युवराजचा आला, गप्प बसलेल्या त्या ज्वारीच्या रानाचासुद्धा आला. सोलापुरात, मागांच्या आवाजात, चार गोळ्या वेळेवर देणारी एक खोली कुणाला का काढता येऊ नये? शिपायानं नाव पुकारलं.

"संगप्पा," ती म्हणाली, "आत गेलास की व्हय म्हण. माझ्यासाठी."

त्यानं जमिनीकडं बघितलं नाही, श्वासही घेतला नाही. "व्हय, अक्का."

आत बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. संगप्पा पूर्वीसारखाच चटकन "व्हय" म्हणाला. बाईंना शंका आली असावी. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मघाशी तुम्ही नाही म्हणालात. बाहेर तुम्हाला कुणी असं म्हणायला लावलं का? घाबरू नका, खरं सांगा."

संगप्पानं एकदा दाक्षायणीकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं, मोठा श्वास घेतला, आणि तिला सांभाळून घेत अगदी ठामपणे म्हणाला, "न्हाय."